मेनोनाइट: पंथ, जात की वंश?

2025 साली 'मेनोनाइट' हा शब्द दोन अगदी वेगळ्या कारणांनी बातम्यांत आला. जानेवारीच्या अखेरीस अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात सेमिनोल गावाच्या आसपास गोवराची साथ सुरू झाली. ऑगस्टमध्ये ती संपल्याचं जाहीर झालं, तोवर 762 रुग्णांची नोंद झाली होती आणि शाळकरी वयाची दोन मुलं दगावली होती. साथीचा जोर मेनोनाइट वस्तीत होता. त्याच वर्षी मे महिन्यात स्वित्झर्लंडमधल्या झुरिच शहरात जगभरातले मेनोनाइट आपल्या चळवळीची 500 वर्षं साजरी करायला जमले होते.

हे लोक कोण म्हणून शोधायला गेलं की गोंधळ वाढतो. एका फोटोत काळा गणवेशासारखा पोशाख केलेली गोरी माणसं बोलिव्हियात घोडागाडी हाकताना दिसतात. दुसऱ्यात इथिओपियातली हजारोंची प्रार्थनासभा. तिसऱ्यात छत्तीसगडमधल्या धमतरीचं इस्पितळ, आणि हे धमतरी काही फार लांबचं नाही. 1956पर्यंत त्या मुलखाचा कारभार नागपुरातून चालायचा. तिन्हीकडचे लोक स्वतःला मेनोनाइटच म्हणवतात. मग हा पंथ आहे, जात आहे की वंश?

उत्तर देशागणिक बदलतं. पण ते का बदलतं, हे समजून घेता येतं. माझं म्हणणं थोडक्यात असं: या पंथाची पायाभरणीच 'जन्माने कोणी ख्रिस्ती होत नाही' या आग्रहावर झाली. तरीही पुढे काही देशांत तो जन्माने मिळणारी ओळख बनला, आणि त्यामागे धर्मश्रद्धेपेक्षा राजेरजवाड्यांनी दिलेल्या सनदांचा हात मोठा होता.

सुरुवात एका बाप्तिस्म्यापासून

सोळाव्या शतकात युरोपात ख्रिस्ती धर्मसुधारणेची लाट आली. झुरिचमध्ये तिचं नेतृत्व उल्रिच झ्विंग्लीकडे होतं. त्याच्याच काही तरुण शिष्यांना सुधारणा अर्धवट वाटत होती. त्यांचा मुद्दा साधा होता. बाप्तिस्मा म्हणजे श्रद्धेची जाहीर कबुली. पाळण्यातल्या बाळाला श्रद्धा कळत नाही, मग त्याच्या डोक्यावर पाणी घालून काय होणार? माणसाने जाणत्या वयात स्वतः ठरवून बाप्तिस्मा घ्यावा.

18 जानेवारी 1525 रोजी नगरपरिषदेने हुकूम काढला: ज्यांनी बाळांचा बाप्तिस्मा केलेला नाही त्यांनी आठ दिवसांत तो करावा, नाहीतर शहर सोडावं. तीन दिवसांनी, 21 जानेवारीला, ही मंडळी फेलिक्स मान्त्सच्या आईच्या घरी जमली. कॉनराड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉकला बाप्तिस्मा दिला आणि मग ब्लाउरॉकने इतरांना. सगळ्यांचा लहानपणी एकदा बाप्तिस्मा झालेला होता, म्हणून विरोधकांनी त्यांना 'पुन्हा बाप्तिस्मा घेणारे' अशा अर्थाचं 'अ‍ॅनाबाप्टिस्ट' हे नाव ठेवलं. मेनोनाइट ही याच चळवळीची शाखा.

दोन वर्षांत, 5 जानेवारी 1527 रोजी, फेलिक्स मान्त्सला लिमाट नदीत बुडवून मारण्यात आलं. त्याचे हात गुडघ्यांभोवती बांधले, कोपर आणि गुडघे यांच्यामधून दांडकं सारलं आणि होडीतून ढकलून दिलं. ज्याला पाण्याचा एवढा सोस त्याला पाण्यातच शिक्षा, असा त्यामागचा हिशेब. त्याच शहराच्या सुधारित चर्चने 2004 साली या छळाबद्दल क्षमा मागितली आणि लिमाटच्या काठावर स्मृतिशिला बसवली.

एवढ्यासाठी जीव का घ्यायचा?

आज हा वाद देवळातल्या विधीपुरता वाटतो. तेव्हा तो राज्याच्या मुळावर येणारा होता. बाळाचा बाप्तिस्मा झाला की ते चर्चचं सभासद आणि त्या राज्याचं प्रजाजन एकाच वेळी होत असे. दोन्ही वह्या एकच होत्या. बाप्तिस्मा नाकारणं म्हणजे 'जन्मामुळे मी तुमच्या वहीत येत नाही' असं सांगणं. त्यात हे लोक शपथ घेत नसत, आणि त्या काळी प्रजेची निष्ठा शपथेवर उभी होती. शिवाय डोंगरावरील प्रवचनातलं 'दुष्टाला अडवू नका' हे येशूचं वाक्य ते शब्दशः घेत आणि शस्त्र उचलायला नकार देत. 1529 साली तुर्की फौजा व्हिएन्नाच्या वेशीवर होत्या, तेव्हा असा नकार म्हणजे फितुरीच ठरली. त्याच वर्षी पवित्र रोमन साम्राज्याच्या सभेने पुनर्बाप्तिस्म्याला देहदंड ठरवला.

या काळातली एक घटना मेनोनाइट घरांत आजही मुलांना सांगतात. 1569 साली हॉलंडमधल्या आस्पेरन गावी डर्क विलेम्स कैदेतून निसटला आणि गोठलेल्या तळ्यावरून पळाला. कैदेतल्या उपासमारीने हलका झालेला डर्क पार गेला, पाठलाग करणाऱ्या पहारेकऱ्याच्या पायाखालचा बर्फ मात्र फुटला. डर्क मागे फिरला, त्याने हात देऊन पहारेकऱ्याला बाहेर काढलं, आणि तिथेच पकडला गेला. त्याला जिवंत जाळलं. त्या प्रसंगाचं तांब्याच्या पत्र्यावरचं कोरीव चित्र आजही अनेक मेनोनाइट घरांत टांगलेलं असतं: वाकून दोन्ही हात पुढे केलेला डर्क आणि छातीपर्यंत पाण्यात असलेला पहारेकरी. या लोकांचा शांततावाद समजून घ्यायचा तर मतांच्या यादीपेक्षा हे चित्र जास्त कामाचं आहे.

मेनो सिमन्स, ज्याच्यावरून हे नाव पडलं, चळवळीत जरा उशिरा आला. तो उत्तर नेदरलँड्समधल्या फ्रिसलँडचा कॅथलिक पाद्री. 1534–35मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टर शहराचा ताबा काही हिंसक अ‍ॅनाबाप्टिस्टांनी घेतला आणि त्याचा शेवट रक्तपातात झाला. त्यानंतर भेदरलेल्या, विखुरलेल्या लोकांना मेनोने शस्त्रत्यागाच्या वाटेवर पुन्हा एकत्र केलं. 1536मध्ये त्याने पाद्रीपद सोडलं आणि पुढची पंचवीस वर्षं लपतछपत काढून 1561 साली तो वारला.

आमिश म्हणजेच मेनोनाइट का?

नाही. 1693 साली याकोब आमान या नेत्याने स्विस मेनोनाइटांपासून वेगळी चूल मांडली. शिस्तभंग करणाऱ्यावर बहिष्कार किती कडक असावा, हा मुख्य वाद होता. त्याचे अनुयायी ते आमिश. दोघे चुलत घराण्यांसारखे आहेत. मेनोनाइटांमध्येही काही गट घोडागाडी वापरतात आणि वीज नाकारतात, पण जगातले बहुतेक मेनोनाइट चारचौघांसारखे कपडे घालतात, मोबाइल वापरतात, नोकऱ्या करतात. नेदरलँड्समध्ये तर ते व्यापारात श्रीमंत झाले आणि शहरी समाजात मिसळून गेले. तिथेच 1911 साली आन झेर्निके ही त्या देशातली पहिली स्त्री पाळक (धर्मगुरू) झाली, तीही मेनोनाइट मंडळीतच, म्हणजे चर्चमध्येच.

सनद: सगळ्याची गुरुकिल्ली

आता मुख्य भाग. छळ चुकवायला डच मेनोनाइट पूर्वेकडे, आजच्या पोलंडमधल्या डान्झिग (आताचं ग्दान्स्क) शहराजवळच्या विस्तुला नदीच्या मुखाशी गेले. दलदल उपसून शेती कशी करायची हे त्यांना ठाऊक होतं. तिथल्या जमीनदारांना नेमकं तेच हवं होतं. सौदा ठरला: तुम्ही जमीन पिकवा, आम्ही तुमच्या श्रद्धेत ढवळाढवळ करणार नाही. इथेच दोनशे वर्षांत त्यांची बोली बदलली. घरात प्लाउटडीच ही उत्तरेकडच्या सखल मुलखातल्या जर्मनची बोली आली, प्रार्थनेला शुद्ध जर्मन.

पुढे हा मुलूख प्रशियाकडे गेला. तिथे सैन्याची भरती जमिनीशी बांधलेली होती. जितकी जमीन मेनोनाइटांकडे जाईल तितके सैनिक कमी, म्हणून 1789 साली त्यांच्या जमीनखरेदीवर निर्बंध आले. तरुण कुटुंबांना शेत मिळेना. त्याच सुमारास रशियाची सम्राज्ञी कॅथरीन दक्षिण युक्रेनच्या नव्या जिंकलेल्या गवताळ प्रदेशात शेतकरी शोधत होती. 1789मध्ये खोर्तित्सा आणि 1804मध्ये मोलोच्ना या वसाहती उभ्या राहिल्या. 1800 साली झार पॉल पहिला याने त्यांना लेखी सनद दिली: कायमची सैन्यमाफी, धर्मस्वातंत्र्य, शपथेतून सूट.

ही उदारता वाटते, आणि त्या लोकांसाठी ती होतीही. पण सनदेची दुसरी बाजू बघा. माफी आणि जमीन कोणाला? मेनोनाइटाला. मग मेनोनाइट कोण, याची सरकारदरबारी नोंद हवी. बाहेरून लोक आणायचे नाहीत, कारण ऑर्थोडॉक्स, म्हणजे रशियाच्या अधिकृत चर्चमधल्या, प्रजेचं धर्मांतर करायला वसाहतकऱ्यांना कायद्याने बंदी होती. म्हणजे आत यायचं दार राज्यानेच लावून घेतलं. बाहेर पडलात तर माफीही गेली आणि जमीनही. बाप्तिस्मा अजून जाणत्या वयातच होत होता, पण लग्नाआधी तो सगळेच घेत. स्वतः निवडायची गोष्ट हळूहळू वयात आल्याची खूण होऊन बसली.

याचा ढळढळीत पुरावा 1860 साली मिळाला. मोलोच्नात काही लोकांना हा रिवाजी धर्म सोसेना. खऱ्या पश्चात्तापाशिवाय बाप्तिस्मा कसला, असं म्हणत ते वेगळे झाले आणि त्यांनी 'मेनोनाइट ब्रदरन' ही नवी मंडळी काढली. वसाहतीच्या पुढाऱ्यांनी धमकावलं की तुम्ही आता मेनोनाइट उरला नाहीत, सवलती गमवाल. बंडखोरांचा माणूस अर्ज घेऊन सेंट पीटर्सबर्गला गेला. अखेर सरकारने मान्य केलं की हेही मेनोनाइटच. चर्च आणि राज्य वेगळं असावं म्हणून ज्यांचे पूर्वज नदीत बुडवले गेले, त्यांच्यात मेनोनाइट कोण हे आता सरकारी कचेरीत ठरू लागलं होतं.

जमिनीचा पेचही होता. रशियन नियमानुसार शेताचा तुकडा 65 देस्यातिना, म्हणजे साधारण 175 एकर, आणि त्याची वाटणी करायला मनाई. एका मुलाला शेत, बाकीच्यांच्या हाती काही नाही. 1860च्या दशकापर्यंत मोलोच्नात भूमिहीनांची संख्या जमीनधारकांहून जास्त झाली होती. बंधुभाव शिकवणाऱ्या समाजातला हा झगडा फार कडवट झाला.

आडनावावरून ओळख

शंभर-दीडशे वर्षं एकाच वसाहतीत, आपसातच लग्नं करत राहिल्यावर जे होतं ते झालं. फ्रीझन, पेनर, राइमर, क्लासन, वीबे, डिक, लेवन ही मोजकी आडनावं पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिली. आपल्याकडे रेल्वेत शेजारी बसलेला माणूस आधी आडनाव विचारतो, मग गाव, आणि तेवढ्यावरून आपली जात, पोटजात, सोयरसंबंध जुळवायला लागतो. कॅनडातल्या विनिपेगमध्ये दोन मेनोनाइट भेटले की हुबेहूब हेच चालतं. 'कोणते पेनर? आजोबा कोणत्या गावचे?' ते या प्रकाराला 'मेनोनाइट खेळ' म्हणतात. तिथे 'मेनोनाइट जेवण' म्हणजे वरेनिकी, कणकेच्या पारीत दही-पनीरासारखा चक्का भरून उकडलेला पदार्थ. हा पदार्थ मुळात युक्रेनचा, शेजाऱ्यांकडून उचललेला. कॅनडाच्या 2021च्या जनगणनेत 'तुमचं वांशिक किंवा सांस्कृतिक मूळ काय' या प्रश्नालाही लोकांनी 'मेनोनाइट' असं उत्तर दिलं आणि त्याची वेगळी नोंद झाली. यातल्या अनेकांचा चर्चशी संबंध उरलेला नाही. तरी ते मेनोनाइटच, कारण आजी प्लाउटडीच बोलायची.

सनद मोडली की गाव हलवायचं

सनद देणारा बदलला की सनदही बदलते. 1874 साली रशियाने सर्वांना सक्तीची लष्करी सेवा लागू केली. सुमारे 18,000 मेनोनाइट अमेरिकेतल्या कॅन्सस, नेब्रास्का आणि कॅनडातल्या मॅनिटोबात गेले. मागे राहिलेल्यांसाठी झारने तडजोड काढली: बंदुकीऐवजी वनखात्यात सेवा.

मॅनिटोबाला गेलेल्यांना कॅनडा सरकारने 1873च्या पत्राने सैन्यमाफी आणि स्वतःच्या शाळांचं आश्वासन दिलं होतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रांतिक सरकारने इंग्रजी शाळा सक्तीची केली. मुलं पाठवली नाहीत तर दंड, कधी तुरुंग. सनातनी गटांना हे आश्वासन मोडणं वाटलं. त्यांनी नवा दाता शोधला. 1921मध्ये मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष आल्वारो ओब्रेगोन यांनी शाळा, भाषा आणि सैन्यमाफीची हमी देणारं पत्र दिलं. 1922पासून रेल्वेगाड्या भरून गुरंढोरं, नांगर आणि माणसं चिवावा राज्यात उतरली. आज मेक्सिकोत मिळणारं 'केसो मेनोनिता' हे चीज त्यांचंच. 1921मध्येच पराग्वेने कायदा क्रमांक 514 करून अशीच हमी दिली आणि दुसरा गट चाको नावाच्या रखरखीत प्रदेशात गेला. जमीन मोजून हाती येईपर्यंत त्यांच्यातले दीडशेहून अधिक लोक, त्यात बरीचशी लहान मुलं, आजारपणाने गेले. पुढे मेक्सिकोतून बेलीझ आणि बोलिव्हियातही वसाहती झाल्या.

म्हणजे नकाशावर दिसणारी ही सगळी पायपीट एकाच कारणाची आहे. त्यांना अशी जागा हवी होती जिथे राज्य त्यांच्या शाळेत आणि घरात पाऊल टाकणार नाही.

शांततावादी ना? मग बंदुका कुठून आल्या?

हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. रशियन क्रांतीनंतरच्या यादवीत युक्रेनमधल्या श्रीमंत मेनोनाइट वसाहती लुटारूंच्या आणि नेस्तोर माखनोच्या अराजकवादी फौजेच्या तावडीत सापडल्या. खून, बलात्कार, जाळपोळ झाली. तेव्हा काही तरुणांनी जर्मन सैन्याकडून शस्त्रं घेऊन स्वसंरक्षण दल उभारलं. त्याने सूडचक्र आणखी वाढलं. 1919च्या शरदात काही गावांत एकेका रात्रीत डझनावारी माणसं मारली गेली. पाठोपाठ 1921–22चा दुष्काळ आला. त्यावेळी अमेरिकेतल्या मेनोनाइटांनी 1920मध्ये स्थापलेल्या 'मेनोनाइट सेंट्रल कमिटी'ने अन्नछत्रं चालवली, नांगरणीला ट्रॅक्टर धाडले. ती संस्था आज जगभर मदतकार्य करते.

त्यानंतरचा भाग अधिक काळा आहे. स्टालिनच्या काळात चर्च बंद झाली, पाळक आणि शेतकरी हद्दपार झाले. 1941मध्ये नाझी फौजा युक्रेनमध्ये आल्या तेव्हा अनेक मेनोनाइटांनी त्यांना सुटका करणारे मानलं. नाझींच्या लेखी ते 'जर्मन रक्ताचे' होते. काहींनी दुभाषे, अधिकारी, पोलिस म्हणून काम केलं आणि ज्यूंच्या हत्याकांडात काहींचा हात होता. मेनोनाइट इतिहासकारांनीच हे अलीकडे उघडपणे मांडलं आहे. मला हा इतिहास आपल्या प्रश्नासाठी फार महत्त्वाचा वाटतो. श्रद्धेची जागा रक्ताने घेतली की डर्क विलेम्सचं चित्र भिंतीवर तसंच राहतं आणि घरातला माणूस गणवेश चढवतो.

आणि जमीन रिकामी होती?

नव्हती. सनदेत 'ओसाड' लिहिलेल्या बहुतेक जमिनींवर कोणी ना कोणी राहत होतं. मोलोच्नाच्या परिसरात नोगाई पशुपालक होते, मॅनिटोबात मेती (युरोपीय आणि मूळनिवासी अशा मिश्र वंशाचे लोक) आणि मूळनिवासी, चाकोत एन्ल्हेत लोक. एन्ल्हेतांना त्यांच्याच मुलखात मेनोनाइट शेतांवर मजूर व्हावं लागलं. पराग्वेच्या दूधधंद्यात आज मेनोनाइट सहकारी संस्थांचा वाटा फार मोठा आहे. त्या यशाला ही बाजू आहे. बोलिव्हिया आणि पेरूत जंगलतोडीवरून त्यांच्यावर आज होणारी टीका याच वाटेवरची.

बंद वसाहतीची किंमत आतल्या दुबळ्यांनाही मोजावी लागते. बोलिव्हियातल्या एका वसाहतीत रात्री गुंगीचं औषध फवारून स्त्रिया आणि मुलींवर अत्याचार होत राहिले. 2011मध्ये गुन्हेगारांना शिक्षा झाली. पण त्या बायकांना स्पॅनिश येत नव्हतं. सरकारी चौकीपर्यंत पोचायलासुद्धा त्यांना पुरुषांचीच मदत लागत होती.

मग त्यांच्या धर्मात लस निषिद्ध आहे का?

नाही. मेनोनाइट श्रद्धेच्या कोणत्याही कबुलीजबाबात लशीला मनाई नाही. सेमिनोलच्या वस्तीचा इतिहास पाहिला की उलगडा होतो. ही कुटुंबं 1977 साली मेक्सिकोच्या वसाहतींतून टेक्सासमध्ये आली. जमीन घेतली, पण राहण्याचा परवाना नव्हता. 1980 साली अमेरिकी काँग्रेसने खास कायदा करून त्यांना राहू दिलं. घरात प्लाउटडीच, शाळा स्वतःची किंवा घरचीच, चिवावात नातेवाईक आणि सतत ये-जा. डॉक्टर आणि सरकारी कागद यांच्याशी संबंध बेताचाच. त्यात टेक्सासमध्ये कोणालाही 'सदसद्विवेकाच्या कारणास्तव' मुलांच्या लशीतून सूट घेता येते आणि ती घेणाऱ्यांत मेनोनाइट नसलेलेही पुष्कळ आहेत. ज्या समाजाला शंभर वर्षं 'शाळा आणि राज्य दूर ठेवा' हेच शिकवलं गेलं, तिथे आरोग्यखात्याची परिचारिका दारात आली तर दार लगेच उघडत नाही. साथ चिवावातही पसरली, आणि तिथे मृत्यूंचा मोठा भार गरीब मूळनिवासी शेतमजुरांवर पडला.

'मेनोनाइट लस घेत नाहीत' असं सरसकट लिहिणं म्हणूनच चूक. धमतरीचं मेनोनाइट इस्पितळ आणि त्याच्या परिचारिका शाळेत शिकून बाहेर पडलेल्या मुली दर वर्षी किती बाळांना लस टोचत असतील, याचा विचार करा.

धमतरी आणि महबूबनगर

आपल्या शेजारची कहाणी 1890च्या आसपास सुरू होते. 1889 साली रशियातल्या त्याच बंडखोर मेनोनाइट ब्रदरन मंडळीतून अब्राहम फ्रीझन आणि त्यांच्या पत्नी निजामाच्या राज्यात आले आणि नलगोंड्यात काम करू लागले. रशियात ऑर्थोडॉक्स शेजाऱ्याला धर्म सांगायला बंदी होती, पण तेलंगणात येऊन सांगता येत होतं. पुढे अमेरिकन ब्रदरन आले, आणि महबूबनगर, देवरकोंडा, शमशाबाद, जडचर्ला या भागांत मंडळ्या, शाळा, दवाखाने उभे राहिले. 1899च्या दुष्काळाच्या तोंडावर अमेरिकन मेनोनाइट धमतरीला आले. पहिलं काम होतं उपाशी माणसांना जेवू घालणं आणि अनाथ मुलांना आसरा देणं. त्या अनाथालयांतूनच छत्तीसगडच्या पहिल्या मेनोनाइट मंडळ्या निघाल्या. दुसऱ्या एका गटाने चांपा इथे कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळ काढलं. 1997 साली मेनोनाइटांचं जागतिक संमेलन कोलकात्यात भरलं. आज भारतात बाप्तिस्मा घेतलेले मेनोनाइट आणि त्यांच्या जवळच्या मंडळ्यांचे सभासद दोन लाखांहून अधिक आहेत, आणि त्यातले सर्वाधिक तेलंगणातल्या मेनोनाइट ब्रदरन मंडळीत.

इथे प्लाउटडीच नाही, वरेनिकी नाही, पेनर-फ्रीझन नाहीत. तेलुगू उपासना आहे, छत्तीसगढी भजनं आहेत. पण कागद इथेही पाठ सोडत नाही. तेलंगणातले बहुतेक सभासद मादिगा आणि माला या दलित समाजांतले. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती व्यक्तीला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. गावात माणसाला जातीवरूनच ओळखतात, विहिरीवर आणि लग्नात वागणूकही तशीच मिळते, पण बाप्तिस्म्याची नोंद झाली की प्रमाणपत्र जातं. रशियात मेनोनाइट असण्याने जमीन मिळत होती. इथे मेनोनाइट होण्याने सवलत जाते. म्हणून इथे जो जाहीरपणे बाप्तिस्मा घेतो, त्याचा निर्णय झुरिचच्या त्या घरातल्या लोकांच्या निर्णयाशी जास्त जवळचा आहे असं मला वाटतं.

'खरे' मेनोनाइट कोण?

हा प्रश्न कॅनडा-अमेरिकेत अजूनही कुजबुजत विचारला जातो. जागतिक मेनोनाइट परिषदेच्या नोंदींनुसार 80हून अधिक देशांत मिळून 20 लाखांपेक्षा जास्त सभासद आहेत, आणि त्यांतले बहुसंख्य आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेतले. मेनो सिमन्सचा देश असलेल्या नेदरलँड्समध्ये काही हजार उरलेत. इथिओपियातल्या मेसेरेते क्रिस्टोस मंडळीत तीन लाखांहून अधिक. 1982 साली तिथल्या मार्क्सवादी लष्करी राजवटीने या मंडळीची चर्च आणि मालमत्ता जप्त केली, नेत्यांना तुरुंगात टाकलं. लोक पाच-सात जणांच्या गटांत घराघरांत जमू लागले. स्त्रियांनी पुढाकार घेतला. 1991मध्ये राजवट पडली तेव्हा मंडळी आटलेली नव्हती, कित्येक पटींनी वाढलेली होती. त्यांना कोणी सनद दिली नव्हती.

सैन्यसेवेचा जुना प्रश्नही आता नव्या लोकांच्या हाती आहे. कोलंबियातल्या मेनोनाइटांनी, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या आणि कोणत्याही वसाहतीतून न आलेल्या लोकांनी, यादवी युद्ध चालू असताना सक्तीच्या भरतीला नकार देण्याच्या हक्कासाठी अनेक वर्षं काम केलं. ते स्वतःपुरती माफी मागत नव्हते. 2017च्या भरती कायद्यात हा हक्क आला, आणि तो कोणत्याही धर्माच्या तरुणाला लागू आहे. दक्षिण कोरियात 2014 साली एका मेनोनाइट तरुणाने भरतीला नकार दिला. त्याला दीड वर्षाची कैद झाली. त्याचे आईवडील, आजोबा कोणी मोलोच्नाचे नव्हते. 2018मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने पर्यायी सेवेची तरतूद करायला सरकारला सांगितलं, आणि 2020पासून नकार देणारे तरुण तीन वर्षं तुरुंगांत कर्मचारी म्हणून नागरी सेवा करतात.